स्कूटरच्या मागच्या चाकातली घरघर: गिअर ऑइल बदललं तरी आवाज परत का येतो

आधी लक्षणं. गाडीने तीसचा वेग धरला की मागून बारीक ‘घूंऽऽ’ सुरू होतं आणि वेगाबरोबर चढत जातं. अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी आवाज तुटत नाही, गाडी हळू होईल तसाच तो खाली येतो. काही गाड्यांत घूं ऐवजी जाडसर घरघर असते आणि वळणावर गाडी एका बाजूला कलली की वाढते. मागच्या रिमच्या आतल्या कडेला तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसते. गाडी रात्रभर उभी असते तिथे सकाळी रुपयाएवढा डाग पडलेला असतो. मागचा ब्रेक दाबला तर लागतो, पण पकड पूर्वीसारखी राहिलेली नसते.

यातलं एखादं लक्षण सुटं असेल तर कारण वेगळंही असू शकतं. पण पाऊस उताराला लागला की चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातून, तसंच तापीच्या अलीकडे अमळनेर-पारोळ्याच्या काळ्या मातीतून ज्या स्कूटरी येतात, त्यांच्यात हे सगळं एकत्र सापडतं. वरून एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : “भाऊ, आत्तेच ऑइल बदलं ना, तरी गाडी घरघर करी ऱ्हायनी!” ऑइल खरंच बदललेलं असतं. आवाज खरंच थांबलेला असतो. आणि तो खरंच परत आलेला असतो. कारण जुनं ऑइल काढून टाकताना ते कसं दिसतंय हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि पाणी आत आलं कुठून हे कुणी शोधलेलं नसतं.

हे ऑइल नेमकं कुठलं

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये ऑइल दोन ठिकाणी असतं. एक इंजिनचं, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं मागच्या चाकाला लागून असलेल्या छोट्या डबीत. बेल्टवरून आलेली गती क्लचमधून एका शाफ्टवर येते आणि तिथून गिअरच्या दोन जोड्यांमधून कमी होऊन चाकापर्यंत पोचते. हे गिअर, त्यांचे शाफ्ट आणि बेअरिंगा सगळं त्या डबीत, तिलाच गिअर बॉक्स म्हणतात. बहुतेक ११० आणि १२५ सीसी स्कूटरमध्ये तिथे साधारण १०० ते १२० मिली ऑइल बसतं, म्हणजे चहाच्या एका कपाच्या आसपास. एवढ्याशा ऑइलमधून तीस मिली गळालं तर पाव हिस्सा गेला. चमचाभर पाणी शिरलं तरी सगळं ऑइल नासतं. इंजिनमध्ये ७०० ते ८०० मिली असतं, तिथे थोडी चूक खपून जाते. इथे खपत नाही.

कुठलं ऑइल घालायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. काही कंपन्या इथेही १०डब्ल्यू-३० सारखं इंजिनच्या ग्रेडचं ऑइल सांगतात, काही वेगळं गिअर ऑइल सांगतात. दोन्ही बरोबरच आहे, ज्या गाडीचं त्या गाडीला. आवाज दाबण्यासाठी ट्रॅक्टरचं नव्वद किंवा एकशेचाळीस नंबर ओतायची पद्धत गावोगाव आहे, ती मात्र सोडा. जाड ऑइलने आवाज काही दिवस मऊ होतो खरा, पण ते वरच्या बेअरिंगपर्यंत नीट उडत नाही, आणि जे बिघडतंय ते तसंच बिघडत राहतं. आवाज ही आपल्याला मिळालेली सूचना आहे. ती बुजवून काय मिळवायचं?

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

पहिल्यांदा टायर. हवा कमी असेल, किंवा टायर एका बाजूला लाटांसारखा झिजला असेल, तर डांबरी रस्त्यावर त्याचा आवाज अगदी गिअरच्या घूं सारखा येतो. हवा पुस्तकात दिली आहे तेवढी भरा आणि तळहात टायरवरून दोन्ही दिशांनी फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागला तर आधी टायरचा विचार करा. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाजाची जातच बदलत असेल तर तो बहुधा टायरचाच.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचं चाक हाताने फिरवा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्कूटरमध्ये चाक आणि गिअर कायम जोडलेले असतात, त्यामुळे चाक फिरवलं की आतले गिअर आणि क्लच बेलही फिरतात. थोडी सळसळ येणारच, त्याला घाबरू नका. ऐकायचं ते ठरावीक जागी येणारं ‘कट्’, किंवा हाताला जाणवणारा खरखरीतपणा. ब्रेक घासत असेल तर त्याचा ‘श्श’ आवाज प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी येतो. ब्रेकचा नट थोडा सैल करून परत फिरवा, आवाज गेला तर काम तिथेच संपलं.

त्यानंतर चाकाचा वरचा आणि खालचा भाग दोन हातांत धरून आत-बाहेर हलवा. हलतंय असं वाटलं की लगेच ‘बेअरिंग गेली’ म्हणू नका. दुसऱ्या माणसाला इंजिनवर हात ठेवायला सांगा. चाकाबरोबर अख्खं इंजिन हलत असेल तर खेळ हँगर बुशमध्ये, म्हणजे इंजिन सांगाड्याला जिथे टांगलेलं असतं तिथल्या रबरी बुशमध्ये आहे. ते वेगळं काम आहे, गिअर बॉक्सशी त्याचा संबंध नाही. इंजिन स्थिर आणि चाक एकटंच हलत असेल, तर मागच्या चाकाचा नट सैल आहे, शाफ्टच्या खाचा झिजल्या आहेत किंवा बेअरिंग संपली आहे. अशी गाडी चालवू नका. या एका तपासणीत निम्मे गैरसमज मिटतात, आणि गॅरेजवाल्याने भलतंच काम काढलं तर तुम्हाला कळतं.

आवाज इंजिन-बेल्टचा की गिअरचा, हे वेगळं करायला मोकळं मैदान आणि एक माणूस पुरे. इंजिन बंद, किल्ली चालूवरच ठेवा म्हणजे हँडल लॉक व्हायचा प्रश्न नाही, आणि मागून कुणाला तरी धावत ढकलायला सांगा. इंजिन बंद असताना बेल्ट फिरत नाही, गिअर फिरतात. आवाज तरीही येत असेल तर तो गिअर बॉक्स, चाक किंवा ब्रेक यांच्यातलाच. उलट, जागेवर सुटताना गाडी थरथरते आणि वेग आल्यावर शांत होते, तर तो क्लचचा विषय आहे. त्यासाठी गिअर ऑइल बदलण्यात अर्थ नाही.

आता ऑइल : बदला, पण त्याआधी बघा

लागणारं सामान थोडंच : बोल्टच्या मापाचा बॉक्स पाना किंवा रिंग पाना, दोन नवे वायसर, मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज, तिच्या तोंडाला बसेल अशी बारीक नळी, स्वच्छ पांढरा प्लास्टिकचा डबा, ब्रश, चुंबक आणि फडकं. डबा पांढराच घ्या. काळ्या घमेल्यात ऑइल काढलं तर बघायचं तेच दिसणार नाही.

गाडी पाच-दहा मिनिटं चालवून आणा, कोमट ऑइल पूर्ण उतरतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन येतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो, तेव्हा सायलेन्सरला हात लागणार नाही याची काळजी घ्या. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. बोल्टच्या भोवतीची माती आधी ब्रशने काढा, नाहीतर तीच आत जाईल.

गिअर बॉक्सला दोन बोल्ट असतात, वरचा ऑइल भरायचा आणि खालचा काढायचा. पहिला बोल्ट वरचा खोला. नेहमी वरचाच. खालचा बोल्ट खोलून ऑइल सांडलं आणि मग वरचा बोल्ट जाम निघाला, तर नवं ऑइल घालायला वाट राहत नाही आणि गाडी तिथेच अडकते. आणि हे दोन्ही बोल्ट गिअर बॉक्सचे आहेत, म्हणजे मागे चाकाच्या हबजवळचे आहेत, याची खात्री करा. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट पुढे, इंजिनच्या खाली असतो. घरी काम करताना या दोहोंत घोटाळा होतो : गिअर बॉक्स रिकामा होतो आणि नवं ऑइल इंजिनमध्ये पडतं. मग कोरडा गिअर बॉक्स काही किलोमीटरमध्येच संपतो. मागच्या दोन बोल्टना पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवा, पुढच्या वेळी विचार करावा लागत नाही.

ऑइल डब्यात उतरलं की ते उजेडात न्या. इथे घाई करू नका, सगळं उत्तर याच डब्यात आहे.

मधासारखं किंवा चहाच्या कोऱ्या पाण्यासारखं, जरा काळपट, पण आरपार दिसणारं असेल तर ठीक. तळाशी शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा करडा लेप असेल तर तोही गिअरच्या रोजच्या झिजेचा, काळजी नको. दुधाच्या चहासारखं किंवा पिवळट पांढरं, फेसाळ असेल तर आत पाणी गेलंय. शंका असेल तर जुन्या चमच्यात दोन थेंब घेऊन खालून तापवा, पेट्रोलपासून लांब, चेहरा बाजूला ठेवून. तडतडलं तर पाणी नक्की. शुद्ध ऑइल नुसतं धुरावतं, तडतडत नाही.

चुंबक फडक्यात गुंडाळून डब्यातून फिरवा. बारीक केसासारखी भुकटी चिकटेल, चालेल. पण नखात धरता येईल असा चकाकणारा तुकडा, पातळ पापुद्रा किंवा दाताचा कपचा सापडला तर गिअर किंवा बेअरिंग फुटायला लागली आहे. तिथे थांबा. नवं ऑइल घालून ‘बघू काही दिवस’ करू नका. तो तुकडा दुसऱ्या दातात अडकला तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं.

आणि किती निघालं ते सिरिंजने मोजा. ११० मिलीच्या जागी साठ-सत्तर निघालं आणि रंग चांगला असेल, तर पाणी शिरलेलं नाही, ऑइल गळतंय. पूर्ण किंवा जास्त निघालं आणि रंग दुधाळ असेल, तर पाणी शिरतंय. या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि पुढचं काम त्यावरच ठरतं.

दुधाळ निघालं असेल तर रॉकेल किंवा डिझेल घालून धुवू नका. त्याचा थोडा भाग कोपऱ्यात राहतोच आणि नवं ऑइल पातळ करतो. त्याऐवजी गाडीचंच नवं ऑइल भरा, दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, काढून टाका आणि परत भरा. डबल खर्च म्हणजे तरी किती, शंभर-सव्वाशे मिली ऑइलचा. बेअरिंगच्या कामापुढे तो काहीच नाही.

भरताना लेव्हलचं भोक असलेल्या गाडीत, गाडी सरळ उभी असताना ऑइल भोकाच्या ओठापर्यंत येऊन ओघळायला लागलं की थांबा. भोक नसेल तर पुस्तकातलं माप मोजून घाला. ‘थोडं जास्त बरं’ हा हिशेब इथे उलटा पडतो. जास्तीचं ऑइल तापून ब्रीदरमधून (हवा सोडणारी नळी) नाहीतर शाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून बाहेर पडतं, आणि मग आपणच गळती शोधत बसतो. वायसर नवे घाला. बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे बसवा, मग पाना लावा. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं. पान्याला पाइप लावून आवळलं की आटे जातात, आणि मग शंभर रुपयांचं काम हजारावर जातं.

पाणी शिरलं कुठून

या पोस्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं, कारण आवाज परत येण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

गिअर बॉक्स चालून तापतो, आतली हवा फुगते. ती बाहेर जायला वरून एक बारीक रबरी नळी दिलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. आता कल्पना करा : पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालली, गिअर बॉक्स गरम, आणि वाटेतल्या फरशी पुलावर गुडघ्याखाली पाणी वाहतंय. गाडी त्यात घातली. गरम डबी एकदम गार झाली, आतली हवा आकसली आणि तिने बाहेरून ओढून घेतलं. ब्रीदरचं तोंड पाण्यात असेल तर थेट पाणीच. आमच्याकडच्या ओढ्या-नाल्यांना सातपुड्यात पाऊस झाला की तासाभरात पाणी येतं, आणि घरी पोचायचं असतं म्हणून माणूस गाडी घालतोच. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये हे पहिलं, ते जिवासाठी. पण तुंबलेल्या, स्थिर पाण्यातून जावं लागलंच, तर पलीकडे पोचल्यावर त्या आठवड्यात गिअर ऑइल एकदा काढून बघाच.

दुसरी बाजू काळ्या मातीची. चिखल ब्रीदरच्या तोंडावर बसतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून नळी बंद करतो. हवेला वाट नाही, मग आतला दाब ऑइल सीलच्या ओठावर येतो आणि ऑइल चाकाच्या बाजूने पाझरतं. अशा गाडीत नवं सील टाकलं तरी काही महिन्यांत तेच. सील चांगलं होतं, नळी बंद होती. म्हणून ब्रीदर नळी शोधा. प्रत्येक मॉडेलला तिची जागा थोडी वेगळी असते, बहुधा गिअर बॉक्सच्या माथ्यावरून एअर फिल्टरच्या बाजूला वर गेलेली दिसते. काढून तोंडाने फुंका. हवा सहज गेली पाहिजे. रबर चिरलं असेल तर नवी टाका, ती फार महाग नसते. खाली लोंबत असेल तर पट्टीने वर बांधा.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट मागच्या हबवर आणि ब्रीदरच्या बाजूला मारू देऊ नका. चिखल काढायला साधं पाणी आणि ब्रश पुरेसा आहे.

ज्या गाड्यांवर दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचे भारे रोज जातात, त्यांच्या मागच्या बेअरिंगवर भार जास्त. अशा गाडीत आणि नाल्या-चिखलातून जाणाऱ्या गाडीत मी पुस्तकातल्या मुदतीची वाट बघत नाही. दर वर्षी पाऊस संपला की ऑइल काढतो.

सील आणि त्यापुढे

ब्रीदर मोकळी, ऑइल योग्य माप, तरी गळती असेल तर सील गेलं. कुठलं, ते डागाच्या जागेवरून कळतं. रिम आणि ब्रेकच्या बाजूला तेल असेल तर चाकाच्या शाफ्टचं सील. बेल्टच्या कव्हरच्या आत, मागच्या पुलीखाली तेल असेल तर क्लचच्या शाफ्टचं. तेच तेल पुढच्या पुलीखाली असेल तर ते क्रँकच्या सीलमधून आलेलं इंजिन ऑइल, म्हणजे गिअर बॉक्स निर्दोष आहे.

चाकाच्या बाजूचं सील बदलायला सायलेन्सर, चाक आणि ब्रेक शू काढावे लागतात. चाकाचा नट खूप घट्ट असतो आणि परत नेमक्या ताकदीने आवळावा लागतो. टॉर्क पाना नसेल तर हे काम घरी करू नका. सैल राहिलेला नट शाफ्टच्या खाचा खातो, आणि वाईट वेळी चाकच सुटतं. करून घेताना मेकॅनिकला दोन गोष्टी स्वतः विचारा. एक, सील बसतं तिथे शाफ्टवर खाच पडली आहे का. नखाला लागेल एवढी खाच असेल तर नवं सीलही गळणार. दुसरी, ब्रेक शूला तेल लागलंय का. लागलं असेल तर शू बदलायचेच. पेट्रोलने धुवून, कानशीने घासून परत बसवलेले शू पहिल्यांदा तापले की आत मुरलेलं तेल बाहेर टाकतात. पैशासाठी इथे हात आखडू नका.

बेअरिंग आणि गिअरचं काम पूर्णपणे मेकॅनिकचं. गिअर बॉक्स उघडायला पुलर, बसवायला प्रेस लागते. हातोडीने ठोकून बसवलेली बेअरिंग नवीन असली तरी काही दिवसांत बोलायला लागते. उघडलंच आहे तर सगळ्या बेअरिंगा आणि सीलं एकदम टाकून घ्या, मजुरी एकदाच लागेल. जुने भाग परत मागा, त्यात कमीपणा नाही. जुनी बेअरिंग हातात फिरवून बघितली की कुठे खडबडतं ते स्वतःच कळतं.

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे-शिरपूरच्या बाजूला शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे चेनऐवजी शाफ्टने चाक फिरवणाऱ्या मोठ्या बाइक थांबतात, तेव्हा त्यांचे मालकही मागच्या हबच्या ऑइलबद्दल विचारतात. वरचा बोल्ट आधी, दुधाळ रंग, चुंबक, ब्रीदर, हे सगळं तिथेही लागू आहे. फरक ऑइलचा. तिथे गती काटकोनात वळते, गिअरचे दात एकमेकांवर घसरतात, म्हणून पुस्तकात सहसा खास हायपॉइड गिअर ऑइल सांगितलेलं असतं. स्कूटरच्या मापाचं पातळ ऑइल त्यात चालणार नाही.

आता कुठे थांबायचं ते स्पष्ट सांगतो. बोल्टचे कोपरे गोल व्हायला लागले, ऑइलमध्ये धातूचा तुकडा आला, चाक एकटंच हलतंय, किंवा ब्रेकवर तेल आलंय : या चारपैकी काहीही असेल तर पाना खाली ठेवा. शेवटच्या दोन कारणांत आणि धातूच्या तुकड्यात गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका, छोट्या टेम्पोत घाला. आटे गेले असतील तर टेप लावून, एम-सील भरून दामटू नका. त्या भोकात नवा आट्याचा इन्सर्ट बसवून मिळतो आणि तो टिकतो. काढलेलं जुनं ऑइल बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये द्या, शेतात किंवा नाल्यात ओतू नका. नवं ऑइल भरल्यावर आठवड्याने वरचा बोल्ट पुन्हा एकदा खोला आणि स्वच्छ काडी बुडवून रंग बघा. काडीवर दुधाळ ओघळ आला तर ब्रीदरपासून परत सुरुवात करा.